दिनानानाचे तीन ठोके

दिनानानाने आयुष्यात कुणालाही न सांगता मारलेलं नाही. मारायच्या आधी तीनदा ओरडायचं, "हटाऽ! हटाऽ! हटाऽ!" आणि मगच हात उचलायचा, असा त्याचा नियम. त्यामुळे झालंय असं, की करंजखारातल्या जवळजवळ प्रत्येक घराशी त्याची मारामारी झालेली आहे, पण प्रत्यक्ष मार फार थोड्यांनी खाल्ला आहे. तिसऱ्या 'हटा'पर्यंत शहाणा माणूस बांधापलीकडे पोचलेला असतो. जे पोचत नाहीत ते एकतर गावचे नवे जावई असतात, नाहीतर प्यालेले.

हा नियम खाणीतला. आमच्या गावामागे पूर्वी अख्खा डोंगर होता. आता मागचा अर्धाच आहे. पुढचा अर्धा फोडून, डंपरात भरून, न्हावा शेव्याकडे भरावाला गेला. तिकडे कधी कामाला गेलो तर दिनानाना पायाखालची जमीन दाखवून सोबतच्या माणसाला सांगतो, "जरा हलू चाल. यो आमचा डोंगर हाय." डोंगराला असं फिरायला पाठवण्यात त्याचा स्वतःचा हात मोठा. तो खाणीचा सुरुंगवाला होता. खडकात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. या व्यवहारात डोंगराने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आणि डाव्या कानाचं ऐकणं ठेवून घेतलं. तो एवढ्या मोठ्याने का बोलतो, हे पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. त्याआधीच पाहुणे माफी मागून मोकळे होतात.

खाणीच्या तोंडाशी उंबराच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. सुरुंग लावण्याआधी दिनानाना त्यावर पहारीने तीन संथ ठोके मारायचा. ठोके पडले की गाव लपायचं. कुणी खाटेखाली, कुणी गाडीखाली, शाळेतली पोरं बाकांखाली. मग कानठळ्या बसायच्या, भिंती हलायच्या, कौलांवर खडे वाजायचे. सगळं थांबलं की रूळ सलग घणघणायचा. त्याला आम्ही 'सुटी' म्हणायचो. सुटी झाल्याशिवाय डोकं बाहेर काढायचं नाही. हे आमच्या हाडात इतकं गेलेलं, की एकदा भर लग्नात ठोके पडले तेव्हा नवरा, नवरी, वऱ्हाड सगळे मांडवातल्या टेबलांखाली गेले आणि लग्न लावणारी धवलारीण तिथूनच आपलं गाणं पुढे म्हणत राहिली. सुटी झाल्यावर बाहेर आले ते लग्न लागूनच.

लपायची नाही ती फक्त सोनूबाय.

तीही आधी लपायची. पण एका सकाळी ठोके ऐकून ती नियमाप्रमाणे खाटेखाली गेली आणि टोपलीएवढा धोंडा कौलं फोडून बरोबर त्या खाटेवरच आला. खाट मोडली, खाटेखालचा डावा पाय मोडला. पाय जुळला, पण वाकडा. त्यानंतर ठोके पडले की सगळं गाव आत जायचं आणि सोनूबाय अंगणात यायची. कमरेवर हात ठेवून वर आभाळाकडे बघत उभी राहायची.

"मरायचं हाय काय तुला?" लोक खाटांखालून ओरडायचे.

"माझे खाटंवर कोन येतंय ता मना कलाया नको?" ती म्हणायची. "येऊ दे. डोल्यात बघून घेतंय त्याला."

धोंडा दिनानानाच्या सुरुंगाचा होता, हे सांगायला नको. पाय प्लास्टरात असतानाच सोनूबायने त्याला घरी बोलावलं. बिचारा हात जोडून, मान खाली घालून आला. तिने चुलीवरचं उलथणं उचलून त्याच्या कपाळावर हाणलं. डाव्या भुवईपाशी अजून खूण आहे. त्याचं दुःख माराचं नव्हतं. "बाईमानसानं मारला त मारला," तो पुढे कितीतरी वर्षं सांगत होता, "पन एकदा तरी हटा बोलायचा!"

मग वरून हुकूम आला आणि खाण बंद पडली. डंपर गेले, रूळ मुका झाला. मागे राहिला डोंगराला पडलेला एक प्रचंड खड्डा, आणि त्याच्या बाजूने गावाकडे उतरणारा डबराचा ढीग. फुटके दगड, माती, चुरा, सगळं सुटं. दर पावसाळ्यात तो ढीग थोडा खाली सरकायचा. एका आषाढात त्याने सोनूबायचा गोठा दोन शेळ्यांसकट गिळला. डबराच्या पायथ्याशी पहिलं घर तिचंच. गोठ्यानंतर घर, एवढा हिशेब गावात लहान पोरालाही कळत होता. सोनूबाय घर सोडायला तयार नव्हती. एकदा कुणीतरी येऊन उतारावर सुबाभळीची रोपं लावून, फलक रोवून, फोटो काढून गेलं. पावसाने रोपं आणि फलक दोन्ही सोनूबायच्या अंगणात आणून ठेवली. फलक चांगल्या पत्र्याचा होता. तिने त्याचं खुराड्याला दार केलं.

त्यानंतर अमिषा आली. अलिबागकडची मुलगी, झाडाझुडपांचं शिकलेली, आणि उजाड जमिनी पुन्हा हिरव्या करणाऱ्या एका संस्थेत कामाला. अंगाने काडीसारखी, पण तापली की दिनानानाच्या बहिऱ्या कानालाही ऐकू जायची. तिला उतार माहीत असलेला माणूस हवा होता. दिनानाना स्वतःच पहार खांद्यावर टाकून गेला. का गेला, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पण काम सुरू झालं ते सोनूबायच्या घराच्या बरोबर वरून, आणि ती जागा त्यानेच दाखवली होती.

पहिल्याच दिवशी भांडण. नाना पहारीने खड्डे पाडायला लागला, सुरुंगाला पाडायचा तसे खोल आणि जोरात. वरचं डबर धडाधडा खाली आलं.

"नाना, थांबा! खणायचं नाही! आपल्याला इथं गवत लावायचंय."

"गवत?" नानाला अपमान वाटला. "गवत बैलाला घालतान, बाय. डोंगर धरायला झाड पायजे. वड लाव, वड!"

"वड उभा राहील तोवर खाली घर शिल्लक राहणार आहे का? गवताची मुळं डबर शिवून टाकतात. गवत बसलं की मग करवंद, धायटी, निरगुडी. इथं आधी जे होतं तेच आणायचं. तुम्ही फोडायच्या आधी जे होतं ते."

यावर नाना गप्प बसला. तो गप्प बसलेला बघून बाकीचे मजूर घाबरले.

बी आणायचं होतं डोंगराच्या शाबूत अर्ध्या भागातून. कुसळी गवताच्या बियाला भाल्यासारखं टोक असतं. जे भेटेल त्यात ते घुसतं आणि पिळत पिळत आत जातं. अमिषाने नानाला घोंगडी पांघरून कमरेएवढ्या गवतातून चालायला लावलं. नाना पलीकडून बाहेर पडला तेव्हा साळिंदर दोन पायांवर येतंय असं वाटत होतं. बी घोंगडीतून निघालं, नानातून निघायला आठवडा गेला. मग पवन्या आणि मारवेल ही गवतं बियांसकट कापून, त्यांची वैरण उतारावर पसरायची आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवायचे. दगड ठेवताना नाना एकेकाला शिव्या द्यायचा. दगड ओळखीचे होते.

पहिल्या वर्षी अर्धं वाहून गेलं. पुन्हा पसरलं. तिसऱ्या वर्षी दिवाळीत आम्ही मागे बघितलं, तर उतार सोनेरी झालेला आणि मध्ये मध्ये करवंदाच्या जाळ्या. त्या पावसात खाली फक्त पाणी आलं होतं.

आता खरी लढाई. सोनूबायच्या शेळ्यांना करवंदाचा कोवळा शेंडा म्हणजे पेढा. ज्या घरासाठी नाना उतार राखत होता, त्याच घरातून रोज सकाळी शेळ्या सुटून उतारावर चढत होत्या. नाना तीनदा 'हटा' ओरडून धोंडा मारायचा. शेळ्या गावातल्या माणसांपेक्षा लवकर शिकल्या. त्या तिसऱ्या 'हटा'पर्यंत खात आणि मग बाजूला होत. एकदा मात्र धोंडा लागला. पांढऱ्या शेळीचं शिंग मुळापासून मोडलं, रक्ताने तिचं तोंड लाल झालं. सोनूबाय वाकडा पाय ओढत, हातात कोयता घेऊन चढून आली.

"मुरद्या! माझा पाय मोडलास, आथा माझे बकरीचा शिंग मोडलास! कनाला जगतंस?"

"बांधून ठेव ना त्यांना! माझा उतार खातान!"

"तुझा उतार? माझे गोठ्यावर आलेला तवा कोनाचा होता रं?"

कोयता फिरला. नाना बाजूला झाला म्हणून मान वाचली, दंडावर निभावलं. नानाने तिच्या हातातून कोयता हिसकावून खाणीच्या खड्ड्यात भिरकावला, तर तिने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. प्रज्योतने आणि आणखी चौघांनी दोघांना ओढून लांब केलं. दंड बांधून घेताना नाना सारखा म्हणत होता, "बघितलाव ना? आतासुदिक हटा नाय बोलली."

प्रज्योत म्हणजे नानाचा पुतण्या. दिवसा बंदराचा ट्रेलर चालवतो आणि उरलेल्या वेळात क्रिकेट खेळतो. त्या फाल्गुनात आमची क्रिकेटची स्पर्धा नेहमीप्रमाणे खाणीच्या तळाशी भरली होती. डोंगराचं काय व्हायचं ते झालं, पण मैदान सपाट मिळालं. एका बाजूला ट्रेलरांची रांग, दुसऱ्या बाजूला टेबल-माइक घेऊन समालोचक विनेश, आणि तिसऱ्या बाजूला नानाचा उतार, वाळून खडखडीत झालेला. अमिषाने क्रिकेट मंडळाशी ठरवून टाकलं होतं, की उतारावर गेलेला चेंडू मेला. आणायला कुणी चढायचं नाही. सीमारेषेवर नाना पहार घेऊन उभा.

दुपारपर्यंत दोन मारामाऱ्या झाल्या. शेजारगावचा एक क्षेत्ररक्षक चेंडूमागे उतारावर चढला. बाहेरगावचा, त्याला 'हटा'चा अर्थ ठाऊक नव्हता. पहारीचा फटका पोटरीवर बसला आणि तो घरंगळत सीमारेषेच्या आत आला. त्याच्या संघाने स्टंप उपटले, आमच्या संघाने बॅटी उचलल्या. एकाचा दात पडला, एकाचं नाक फुटलं. विनेश शांतपणे सांगत होता, "रसिकहो, खेळ थोडा वेळ थांबलेला आहे. नाक कमलेशचं आहे, दाताचा मालक कळवला जाईल." मग दोन्ही कप्तानांनी एकमेकांना मिठी मारली आणि खेळ पुढे सुरू झाला.

प्रज्योतने षटकार मारला तो त्यानंतर. चेंडू ट्रेलरांवरून गेला. पोरांनी आनंदाने बाटलीत फटाक्याचा बाण उभा करून पेटवला, बाटली कलंडली, आणि बाण चेंडूच्या उलट दिशेला, सरळ उतारात घुसला.

वाळलेली कुसळी पेटते ती कागदासारखी नाही, दारूसारखी. फट् असा आवाज झाला, धुराचा लोट उठला आणि बघता बघता आगीची एक ओळ उताराला आडवी धावायला लागली. वारा खाडीकडून वर होता म्हणून ज्वाळा डोंगराकडे झेपावत होत्या, पण खालची कड हळूहळू, चावत चावत सोनूबायच्या घराकडे उतरत होती. कडेची वाळलेली धायटी धडाडून पेटली. घरट्यातून उडालेला लावा पक्षी चिवचिवत धुरात शिरला आणि दिसेनासा झाला.

मदतीला माणसं हवी होती. माणसं तर समोरच होती, अख्खं गाव मैदानात. नाना उंबराकडे धावला आणि त्याने पहारीने रूळ वाजवला. खाण बंद पडल्यापासून पहिल्यांदा.

ठण्ण.

ठण्ण.

ठण्ण.

आणि मग पहार टाकून, निरगुडीचा टहाळा तोडून, तो आगीवर तुटून पडला. झोडपत होता, ठिणग्या अंगावर घेत होता, पायांनी निखारे तुडवत होता. थोड्या वेळाने त्याने मागे वळून पाहिलं.

मैदानात धावून येणारा एकही माणूस नव्हता.

खेळपट्टीवर दोन स्टंप आणि एक चप्पल. सगळं गाव ट्रेलरांखाली. म्हातारे पहिल्या ठोक्याला गेले, बायका दुसऱ्याला. शाळेत बाकांखाली बसलेली पोरं आता मिशा फुटलेले गडी होते, तेही तिसऱ्या ठोक्याला गेले. शेजारगावच्या संघाला काही कळलं नाही, पण सगळे जातायत म्हणून तेही गेले. माइकमधून विनेशचा आवाज टेबलाखालून येत होता, "रसिकहो, ठोके पडलेले आहेत. आपापली डोकी सांभाळा. सुटी झाल्याशिवाय कुणीही..."

"या रंऽ!" नाना ओरडला. "आग लागलीऽ! याऽ!" पण गवताच्या तडतडीपुढे आणि माइकपुढे कुणाला ऐकू जाणार?

मैदानाच्या मधोमध मात्र एक जण उभी होती. कमरेवर हात, मान वर. सोनूबाय धोंड्याची वाट बघत होती.

धोंडा येईना. तिला धूर दिसला. धुरात नाना दिसला. आणि आगीच्या खाली, फार खाली नाही, स्वतःचं घर दिसलं.

ती चढली. वाकड्या पायाने, काठी टेकत, शिव्या देत चढली. नानाच्या डाव्या बाजूने आली. तो बहिरा कान. ती ओरडली, "सुटी दे! सुटी दे रं!" त्याला पत्ताच नाही. मग तिने काठी उचलून त्याच्या पाठीत हाणली.

नाना गर्रकन वळला. टहाळा तिच्यावर उगारलेला, डोळे लालबुंद.

"सुटी दे, मुरद्या! तीन ठोकं मारलंस तू! सुटीबिगर त्या उंदरां भायेर नाय यायची!"

नानाचा हात तसाच वर राहिला. मग तो आगीकडे वळला. "मी हटलू त आग तुझे घरात जाईल. तू मार!"

ती गेली. पडलेली पहार उचलायला दोन्ही हात लागले. आणि मग रूळ घणघणायला लागला, सलग, वेडावाकडा, थांबायचं नाव नाही.

ट्रेलरांखालून डोकी आली. डोक्यांनी धूर पाहिला. मग मात्र करंजखार जे सुटलं! प्रज्योत बॅट घेऊनच पुढे. दोन्ही संघांच्या बॅटी, ओली पोती, स्पर्धेचा लांबलचक कापडी फलक, जे सापडेल ते. माणसं आगीला बडवत होती, जुनं वैर असल्यासारखी. कुणाचे केस जळले, कुणाची चप्पल तळव्याला चिकटली. प्रज्योतच्या दोन्ही भुवया गेल्या. सकाळी एकमेकांचे नाक-दात फोडलेले दोघे एकच पोतं दोन टोकांनी धरून आपटत होते. विनेशला टेबलाबाहेर यायचं सुचलं, माइक सोडायचं सुचलं नाही. "डावीकडे! कमलेश, तुझ्या पायामागं! वा! प्रज्योत, सरळ बॅटनं!"

आग विझली तेव्हा सोनूबायच्या कुंपणाच्या दोन काठ्या जळलेल्या होत्या. घर उभं होतं. उतार मात्र जवळजवळ सगळा काळा.

नाना राखेत बसला. हाताला फोड आलेले. त्याने उजवी मूठ एका दगडावर हाणली, पुन्हा हाणली, सालटी निघेपर्यंत हाणली. मग उठून गावावर धावून गेला.

"कनाला लपलाव? मी बोलवत होतू, कनाला लपलाव?"

 भुवया नसलेला प्रज्योत म्हणाला, "नाना, तूच तीन ठोकं मारलंस."

नानाने स्वतःच्या तीन बोटांच्या हाताकडे पाहिलं. त्याला सलगच वाजवायचं होतं. पण हाताला धोक्याचं एकच गाणं येत होतं. त्याचं तोंड बघून सोनूबाय हसायला लागली. काजळीने काळी झालेली, खोकत खोकत हसत होती, आणि मग एकेक करून सगळा उतार हसायला लागला. नाना सोडून.

संध्याकाळी अमिषा आली. उतारावर गुडघे टेकून बसली आणि बोटांनी एक जळकं ठोंब उकरलं. आत, मातीच्या खाली, पांढरं आणि ओलं होतं.

"मुळं जिवंत आहेत," ती म्हणाली. "करवंदही बुडातून फुटेल. पण आता जो कोंब येईल तो एकाही तोंडात जाता कामा नये. एकाही."

सगळ्यांनी मान वळवून शेळ्यांकडे पाहिलं. सोनूबायने आमच्याकडे पाहिलं. नानाकडे तर असं, की त्याने सवयीने कपाळावर हात नेला.

"बांधतंय," ती म्हणाली. "पन त्यांच्या प्वाटाला कोन घालील?"

दुसऱ्या दिवसापासून नाना रोज सकाळी खाडीच्या खारबांधावरून गवताचा एक भारा कापून आणायचा. तिच्या कुंपणापाशी उभा राहून तीनदा 'हटा' ओरडायचा आणि भारा आत फेकायचा. आतून शिव्या यायच्या. मोडक्या शिंगाची पांढरी शेळी सगळ्यात आधी धावायची.

पहिल्या पावसात गवत आणि करवंद बुडातून फुटून उतार पुन्हा हिरवा झाला. आषाढात एका सकाळी वरचा कडा सुटला. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. गाव शाळेत हलवलं होतं. सोनूबाय हलली नव्हती. ती अंगणात उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिला आणायला गेलेला नानाही तिथेच उभा होता, कारण ती येत नव्हती आणि उचलून न्यायची त्याची छाती नव्हती.

आधी जमीन हलली. सुरुंगासारखी, पण सुरुंग संपतो, हे संपत नव्हतं. लाल चिखल आणि धोंडे एकत्र होऊन वरून निघाले. नानाने आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा सुरुंग बघितला. तो तीनदा ओरडला, "हटाऽ! हटाऽ! हटाऽ!" डोंगरावर ओरडला. लोंढा गवताच्या पहिल्या पट्ट्यावर आदळला, वाकला, फुगला. करवंदाच्या जाळ्यांत अडकून त्याचे तुकडे झाले. मधल्या पट्ट्यात येईस्तोवर धोंडे बसायला लागले, एकामागून एक, दमलेल्या माणसांसारखे. मग फक्त गढूळ पाणी खाली आलं आणि अंगणातून वाहत गेलं.

एक धोंडा तेवढा निसटला. टोपलीएवढा. उड्या मारत आला, कुंपण मोडलं, अंगणात दोनदा लोळला आणि सोनूबायच्या वाकड्या पायापासून हातभर अंतरावर थांबला.

दोघं त्याच्याकडे बघत राहिली.

"आला?" सोनूबाय म्हणाली.

"आला," नाना म्हणाला.

तिने मान वर करून उताराकडे निरखून पाहिलं. "एकलाच?"

"एकलाच."

तो धोंडा अजून तिथेच आहे. पांढरी शेळी त्यालाच बांधलेली असते.